कॅम्परच्या ऑनिंगला बाजूचे पडदे आणि टपावर कव्हर: पावसाळ्याआधी काय घेऊ?

टपोरी_ट्रॅव्हलर (पुणे):

नमस्कार मंडळी, वर्षभर नुसतं वाचतोय, लिहायची ही पहिलीच वेळ, लांबलं तर सांभाळून घ्या.

मागच्या वर्षी जुनी फोर्स ट्रॅव्हलर घेतली, ३३५० व्हीलबेसवाली, आणि सहा महिने खपून तिचा कॅम्पर केला. आत बेड, छोटा ओटा, पाण्याची टाकी, टपावर दोन सोलर पॅनल आणि मधोमध हवेसाठी एक झडप. दाराच्या बाजूला म्हणजे डावीकडे ३ मीटरचं ऑनिंग, म्हणजे हँडल फिरवलं की बाहेर येणारं कापडी छप्पर, अडीच मीटर बाहेर येतं. आम्ही दोघं, दोन पोरं आणि बाबा, वय ७४, त्यांना गाडीत बसायला अजिबात आवडत नाही, त्यांची खुर्ची बाहेर ऑनिंगखालीच हवी.

आता अडचण अशी की ऑनिंग वरून सावली देतं पण बाजूने सगळं उघडं. गुहागरला दुपारी चारनंतर ऊन थेट खालून तोंडावर, आणि ताम्हिणीला पहिल्या पावसात गेलो तेव्हा झड अशी आत आली की बाबांची पायजम्याची एक बाजू भिजली आणि एक कोरडी. त्यांनी ती नंतर सगळ्या नातेवाइकांना दाखवत सांगितली तो भाग वेगळा.

म्हणून बाजूचे पडदे घ्यायचेत. एकाने मला तिन्ही बाजूंचा पूर्ण सेट सांगितलाय, दोन बाजूचे आणि एक पुढचा, पारदर्शक खिडक्यांसकट, म्हणजे बाहेर एक खोलीच तयार होते म्हणे. कापड पीव्हीसी घ्यायचं की ते चौकडीचं रिपस्टॉप की सरळ ताडपत्री, काहीच कळत नाहीये, जो भेटतो तो जीएसएमचे आकडे फेकतो.

दुसरं म्हणजे टप. झडपेच्या एका कोपऱ्यातून पाणी ठिबकतं, बेडच्या बरोबर वर. ज्याने झडप बसवली तो म्हणतो पावसाळाभर वरून कव्हर टाकून ठेवा, कशाला खोलताय. सोसायटीत पार्किंग उघड्यावर आहे त्यामुळे मलाही वाटतंय की एक चांगलं जाड कव्हर शिवून घ्यावं, पण सोलर पॅनलचं काय? पावसाळा दीड महिन्यावर आलाय. बायको म्हणते एवढ्या पैशात चार वर्षं लॉजवर राहिलो असतो. तिला काय उत्तर देऊ तेही सांगा.

घाटरस्ता:

ऑनिंगच्या पुढच्या दांडीला खालच्या अंगाला खाच आहे का बघा आधी. फोटो टाकता आला तर टाका.

टपोरी_ट्रॅव्हलर:

फोटो अपलोड होत नाहीये. खाच आहे. समोरून फट बारीक, करंगळी जात नाही, पण दांडीच्या टोकाकडून पेन्सिल घातली तर आत सरकते. तशीच एक गाडीच्या बाजूला, ऑनिंग गुंडाळून बसतं त्या केसच्या खालीही आहे.

घाटरस्ता:

झालं मग, ती केडरची खाच. पडद्याच्या वरच्या कडेत गोल दोरी शिवून घ्यायची आणि टोकाकडून सरकवत न्यायची, परकराच्या नेफ्यात नाडी ओवतात तसं, फक्त उलटं. दोरीची जाडी बघून घ्या, साधारण ४ मिलिमीटर आणि ६ मिलिमीटर असे दोन प्रकार सारखे दिसतात. ४ ची दोरी ६ च्या खाचेत घातली तर वाऱ्याने सटकन बाहेर येते आणि ६ ची ४ मध्ये शिरतच नाही. पेन्सिल जातेय म्हणजे तुमची ६ ची असावी, पण मापाला दोरीचा वीतभर तुकडा नेऊन घालून बघा, अंदाजाने ऑर्डर देऊ नका.

एक लक्षात ठेवा, ही खाच फक्त पुढच्या पडद्याला आणि गाडीलगतच्या पट्टीला कामी येते. बाजूच्या पडद्यांना वर खाच नसते, तिथे तिरका आडवा दांडा लागतो, त्याला वेल्क्रो किंवा चिमटे. हा दांडा सेटमध्ये आहे का ते आधी विचारा. बऱ्याचदा नसतो आणि मग पडदा मधे पोटासारखा लोंबतो.

सावंतवाडीकर:

दादा, कापड नंतर. आमचे आजोबा नवीन मांडव घालायच्या आधी एकच वाक्य बोलायचे, "वारो खयसून येता तां बघ आधी."

माझी मारुती ईको आहे, तुमच्या ट्रॅव्हलरपुढे काडेपेटी, पण आठ वर्षं किनाऱ्यावर हिंडतोय म्हणून सांगतो. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो ते आठवतंय ना, दिवसा समुद्राकडून जमिनीकडे खारे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे मतलई. परीक्षेत उलटं लिहून मी दोन मार्क घालवलेले आणि देवगडला त्याच धड्याने माझं ऑनिंग घालवलं. फेब्रुवारी महिना, सकाळी पान हलत नव्हतं, मी हौसेने तिन्ही पडदे लावले, आत चटई, आत चहा, मस्त खोली. जेवून जरा आडवा झालो. साडेतीनला समुद्रावरून वारा सुटला आणि पुढच्या पडद्याच्या खालून आत शिरला. बाहेर जायला वाटच नाही, कारण तिन्ही बाजू मी स्वतःच्या हाताने बंद केलेल्या. अख्खं प्रकरण फुग्यासारखं वर आलं, एक पाय खुंटीसकट हवेत, मी त्या पायाला लोंबकळतोय आणि बायको मला सोडून पातेलं वाचवतेय. पाय वाचला, पण ऑनिंगचा आतला एक हात वाकला तो वाकलाच. आजही मिटताना शेवटची चार बोटं ढकलून मिटावं लागतं.

हिशोब सांगतो, ढोबळ आहे पण डोक्यात बसेल. ताशी ४० किलोमीटरचा वारा उभ्या कापडावर दर चौरस मीटरला पावणेआठ किलोच्या आसपास रेटा देतो. तुमचा बाजूचा पडदा अडीच गुणिले दोन म्हणजे ५ चौरस मीटर, म्हणजे अडतीस-एक किलो. वारा ६० वर गेला की दीडपट नाही वाढत, सव्वादोनपट वाढतो, म्हणजे ८५ किलोच्या पुढे. एक जाडजूड माणूस त्या पडद्यावर रेलून उभा आहे असं समजा, आणि तो माणूस तुमच्या ऑनिंगच्या दोन ॲल्युमिनियमच्या पायांवर विसंबलाय.

म्हणून माझं मत, पूर्ण सेट घेऊ नका. एकच बाजूचा पडदा घ्या, चांगल्यातला, दोन्हीकडे लागेल असा. गाडी उभी करतानाच अशी करा की गाडी स्वतःच वाऱ्याला पाठ देऊन उभी राहील आणि ऑनिंग आडोशाला येईल, मग उरलेली झड ज्या बाजूने वळून येते तिथे तो पडदा. समोरची बाजू उघडी ठेवा. आत आलेला वारा बाहेर गेला पाहिजे, घराच्या पडवीसारखं.

टपोरी_ट्रॅव्हलर:

गाडी वाऱ्याला पाठ देऊन म्हणजे समुद्राला पाठ देऊन ना? मग समुद्र दिसणार कसा? बाबा त्यासाठीच येतात.

सावंतवाडीकर:

हा हा, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. दुपारपर्यंत समुद्राकडे तोंड ठेवा, तीनला गाडी फिरवा. नाहीतर समुद्र गाडीच्या नाकासमोर ठेवा, म्हणजे ऑनिंग किनाऱ्याला काटकोनात, आणि समुद्राच्या बाजूला तो एक पडदा, त्यात खिडकी. आम्ही असंच करतो.

आणि खुंट्यांचं विसरलो. आमच्याकडे कातळाचे सडे आहेत, तिथे खुंटी जात नाही, हातोडा मारला की हातोडाच परत येतो आणि मनगट झिणझिणतं. वाळूत जाते पण राहत नाही. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या दोन-तीन गाडीत टाकून ठेवा, जागेवर वाळू भरायची, तोंड बांधायचं, दोरी मधोमध बांधून गोण हातभर खोल आडवी पुरायची. कातळावर २० लिटरचे पाण्याचे जार, प्रत्येकी वीस किलो, तुमच्याकडे असतीलच. आणि रात्री झोपताना काहीही झालं तरी ऑनिंग आत. आकाश कितीही चांदण्यांनी भरलेलं असू दे.

कशालाहवंय:

दोन बांबू, एक ताडपत्री, सुतळी. आमच्या ट्रकवर तीस वर्षं हेच आहे. ऑनिंग काय, केडर काय. चालू द्या.

ताडपत्रीवाला_कोल्हापूर:

वरच्या पाव्हण्यांचं बरोबर बी हाय आणि चूक बी हाय. ट्रकवरची ताडपत्री मालावर पडून राहती, हितं ती हवेत टांगायची हाय. फरक पडतो.

माझं दुकानच ताडपत्रीचं, वडिलांपासून, त्यामुळं जरा सविस्तर लिहितो, कुणाला जाहिरात वाटली तर वाटू दे.

जीएसएम म्हणजे काय, एक चौरस मीटर कापडाचं वजन ग्रॅममधी. बास, एवढंच. जास्त जीएसएम म्हणजे जास्त चांगलं असं न्हाई, जास्त जड एवढं नक्की. तुमचा ५ चौरस मीटरचा पडदा २०० जीएसएमच्या प्लास्टिक ताडपत्रीत एक किलोचा होतो आणि ५५० च्या पीव्हीसी कोटिंगवाल्यात पावणेतीन किलोचा. पावणेतीन किलो लई न्हाई वाटत पण तीन पडदे, त्यांचे दांडे, वर भिजलेला चिखल, ती घडी गाडीत कुठं ठेवणार ते आधी ठरवा. माझ्याकडं एक गिऱ्हाईक आलेलं, सगळ्यात जाड द्या म्हणालं, दिलं, पुढच्या हंगामात परत आलं की बायकोला घडी उचलत न्हाई.

आता प्रकार. निळी-पिवळी-काळी जी विणलेल्या प्लास्टिकची असती, एचडीपीई, ती स्वस्त, पाणी अडवती, पण वाऱ्यात रात्रभर फडफड आवाज करती आणि उन्हात एक-दोन वर्षात तिचा भुगा व्हायला लागतो, हात लावला की पापुद्रे निघतात. सिल्पोलिन लोक शेततळ्याला, कांद्याला वापरतात, ती जरा बरी, पण पडदा म्हणून लोंबत ठेवायला कडक पडती, घडीच्या रेषेवर चिरती. सुती कॅनव्हास, जुन्या तंबूचं, दिसायला एक नंबर, हवा खेळती, पहिल्यांदा भिजलं की धागा फुगतो आणि विण घट्ट होती, पण त्याच वेळी कापड आखसतं बी, म्हणून शिवायच्या आधी भिजवून वाळवून घ्यायला लागतं. ते न करता शिवलं की पहिल्या पावसानंतर पडदा जमिनीपासून चार बोटं वर. आणि ओलं ठेवलं की बुरशी. पुण्यात उघड्यावर ठेवणाऱ्यानं कॅनव्हासच्या नादाला लागू नये.

रिपस्टॉप पॉलिस्टर म्हणजे ते चौकडीचं. हलकं, लहान घडी, एका चौकडीत फाटलं तर पुढच्या जाड धाग्यावर चीर थांबती. त्याला आतून कोटिंग असतं आणि त्याचा आकडा मिलिमीटरमधी सांगतात, १५००, ३०००, असा. म्हणजे एवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ कापडावर उभा केला तर त्याच्यानंतर ते पाझरायला लागतं. उभ्या पडद्यावर पाणी साचत न्हाई, खाली ओघळतं, त्यामुळं पडद्याला १५०० लई झालं. ३००० च्या वर मागायचं कारण छपराला. दुकानदार पडद्याला ५००० विकत असंल तर तुम्ही पुण्याचे हाय हे त्यानं ओळखलंय.

माझा सल्ला, झडीच्या बाजूला रिपस्टॉप किंवा ४०० च्या आतलं पीव्हीसी. दुपारच्या उन्हाला पुढं हिरवी शेडनेट, ७५ टक्केवाली, नर्सरीवर असती ती. वारा आरपार जातो, ऊन अडतं, आणि बाबांना समुद्र बी दिसंल जाळीतनं. आयलेट, म्हणजे दोरी ओवायच्या भोकाची कडी, पितळी. लोखंडी घेतली तर खाऱ्या हवेत दोन ट्रिपमधी गंजून कापडावर तांबडे ओघळ येतात आणि ते डाग परमेश्वर आला तरी निघत न्हाईत. कोपऱ्याला कापडाचे चार पदर, नुसतं एका पदरात आयलेट ठोकली की ती कडीसकट उपटून येती. पारदर्शक खिडकी ठेवायची तर लहान ठेवा, ते प्लास्टिक उन्हानं पिवळं पडतं आणि गरम असताना घडी घातली की एकमेकाला चिकटतं. गुंडाळताना मधी जुनं धोतर घाला.

मापाबद्दल एक. बाजूचा पडदा चौकोनी नसतो. गाडीकडं उंच, पुढं उतरता. लोक फोनवर "अडीच बाय दोन" सांगतात, आम्ही शिवतो आणि मग एका टोकाला वीतभर फट राहती. जुनी चादर घ्या, ऑनिंग उघडं करून कपड्याच्या चिमट्यांनी जागेवर लावा, खडूनं रेषा मारा, आणि ती चादरच पाठवा. माप पाठवू नका, चादर पाठवा. खाली वीतभर झालर जास्त ठेवा, जमिनीवर लोळली पाहिजे, तिच्यावर वाळू किंवा दगड ठेवता येतो.

लीड्सची_ताई:

सगळं वाचून गावची आठवण आली, पागोळ्यांखाली बादली लावून बसायचो तेव्हाची. आम्ही इकडे यॉर्कशायरमध्ये, फोक्सवॅगनची टी५, टप वर उचलला जाणारा, म्हणजे टप उघडला की त्याच्या तिन्ही बाजूंना कापडी भिंत आणि वर पोरं झोपतात. इथे पाऊस तुमच्यासारखा कोसळत नाही, नुसता चिकटतो, दिवसच्या दिवस.

टपाच्या कव्हरबद्दल मला बोलायचंय कारण त्यात मी पोळलेय. इकडे उचललेल्या टपावर वरून घालायचं एक जाड टोपडं मिळतं, आतून चंदेरी, थंडीसाठी. ते चांगलं आहे, रात्री फरक कळतो, कापडी भिंतीला हात लावला तर पूर्वीसारखा गार ओला लागत नाही. पण ते मुक्कामापुरतं. मी आळशीपणा करून हिवाळ्यात गाडी दारात उभी असताना टपावर एक साधं प्लास्टिकचं कव्हर ताणून बांधलं, अडीच महिने बघितलं नाही. मार्चमध्ये काढलं तर खाली रंगावर ढगासारखे पांढरट डाग, जिथे कव्हर वाऱ्याने घासलं तिथे धुळीने बारीक ओरखडे, आणि कापडी भिंतीच्या घडीत काळी बुरशी, त्या वासासकट. पाणी वरून आलंच नव्हतं. खालून वर गेलेली वाफ कव्हरला अडकून तिथेच गार होऊन ठिबकत राहिली. कव्हर घ्यायचंच तर वाफ बाहेर सोडणारं कापड घ्या, आणि दर आठ-दहा दिवसांनी कोरड्या दिवशी काढून गाडीला ऊन दाखवा. तुमच्याकडे जुलैत कोरडा दिवस कुठून आणणार तो प्रश्न आहेच.

आणि एक हात जोडून सांगते, पडदे लावलेल्या ऑनिंगमध्ये शेगडी, बार्बेक्यू, कोळशाची शेकोटी काहीही पेटवू नका, विझत आलेला निखारासुद्धा आत घेऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, झोप आल्यासारखं होतं आणि माणूस उठत नाही. इकडे तंबूत आणि ऑनिंगमध्ये माणसं गेलीयेत अशी. बाहेर पाऊस आहे म्हणून "जरा आत चहा टाकते" हे वाक्य मी घरात बंद करून टाकलंय. गाडीत अलार्मही आहे, छोटासा, सेलवर चालणारा.

अजून एक, ऑनिंगचे दोन्ही पाय सारख्या उंचीवर ठेवू नका पावसात. एक पाय वीतभर खाली. नाहीतर पाणी मधे साचून पोट धरतं. एक चौरस मीटरचा खळगा आणि पाच सेंटीमीटर पाणी म्हणजे ५० लिटर, पन्नास किलो, तुमच्या कापडाच्या मधोमध. आमच्या शेजारच्याने खालून झाडूने ढकलून ते पाणी सांडवलं ते बरोबर स्वतःच्या डोक्यावर.

बायकोला काय उत्तर द्यायचं विचारलंत, तर माझ्या नवऱ्याला विचारू नका, त्यालाही अजून सापडलेलं नाही.

घाटरस्ता:

ताईंशी शंभर टक्के सहमत. झडप गळते म्हणून टप झाकणं म्हणजे छपराला भोक आहे म्हणून घरात छत्री उघडून बसणं. आणि कव्हर टाकलं की सोलर बंद. पॅनलवर अर्धी सावली पडली तरी वीज अर्ध्याहून कितीतरी जास्त घटते, पूर्ण झाकल्यावर तर बॅटरी पावसाळाभर उपाशी, फ्रिज तसाच चालू राहिला की ऑगस्टमध्ये बॅटरी संपलेली.

गळती शोधायची रीत सांगतो. पाणी जिथे ठिबकतं तिथे ते शिरलेलं नसतं, पत्र्याच्या आतून वाहत वाहत येतं. आतली पट्टी उघडा, भोकाभोवती सगळीकडे कोरडी रांगोळी चिकटेल तेवढी बोटाने लावा, घरात असतेच. मग एकाने टपावर मग्याने पाणी ओतायचं, पण एकदम नाही, आधी उताराच्या खालच्या टोकाला, पाच मिनिटं थांबायचं, मग थोडं वर. आतल्या माणसाने टॉर्च लावून बघायचं, पाणी येईल तिथे रांगोळीत रेघ उमटते. पाइप लावून सगळीकडे एकदम फवारलं तर काही कळत नाही.

झडपेच्या कडेला सिलिकॉन थापलंय का? बहुतेक असेल. ते सगळं खरवडून काढावं लागेल, कारण सिलिकॉनवर दुसरं काहीच चिकटत नाही, सिलिकॉनसुद्धा धड चिकटत नाही. मग झडपेच्या कडेखाली ब्युटाइलची चिकट रबरी पट्टी आणि बाहेरून पीयू म्हणजे पॉलियुरेथेन सीलंट. कोरड्या पत्र्यावर, आत्ता एप्रिलमध्ये. जूनमध्ये हे काम होत नाही.

उन्हासाठी कव्हर हवं असेल तर ती वेगळी गोष्ट. मग ताडपत्री टपाला चिकटवून नाही, कॅरियरवर चार-सहा बोटांचं अंतर ठेवून शेडनेट ताणा, पॅनल सोडून. मधून हवा वाहते. माझ्याकडे असंच आहे, नागपूरला मे महिन्यात सासरी जातो तेव्हा लावतो.

नियमवाले_काका:

पडद्यांना कोणी काही म्हणणार नाही. पण टपाला भोकं, आत गॅस, बेड, सीट काढल्या, हे सगळं आरसीवर चढवलंय का? मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२, गाडीत केलेल्या बदलांचं, ते वाचा. विमा कंपनी क्लेमच्या वेळी तेच वाचते. आणि चालू गाडीला कव्हर किंवा पडद्याचं टोक लोंबत ठेवून घाट चढू नका, मागच्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर येतं.

टपोरी_ट्रॅव्हलर:

काका, आरसीचं काम एजंटकडे दिलंय, तुम्ही म्हणालात म्हणून परत फोन केला, "होतंय" म्हणाला. सोमवारी स्वतःच जाऊन येतो.

बाकी सगळ्यांचे आभार. रविवारी दोन्ही कामं केली. गळती आधी. मोठा मुलगा टपावर मग्या घेऊन, मी बेडवर उताणा, टॉर्च तोंडात, रांगोळी डोळ्यात. झडपेच्या चारी बाजूंनी पाणी ओतलं, काही नाही. मग पोरगं कंटाळून पॅनलपाशी ओतायला लागलं आणि रांगोळीत बारीक रेघ आली. झडप गळतच नव्हती! सोलरची वायर जिथून आत घेतलीये त्या भोकाची रबरी बुची चिरली होती, तिथून पाणी पत्र्याच्या आतून हातभर चालत झडपेच्या कोपऱ्यात येत होतं. बुची बदलली, सीलंट भरलं, दुसऱ्या दिवशी परत दहा बादल्या ओतल्या, कोरडं. कव्हर रद्द. मी त्या बिचाऱ्या झडपवाल्याला वर्षभर मनात शिव्या घालत होतो.

दुपारी ऑनिंग उघडून चादर टांगली. कोल्हापूरकर, तुम्ही म्हणालात ते अक्षरशः खरं, मी कागदावर २.५ बाय २ लिहून ठेवलं होतं आणि प्रत्यक्षात गाडीकडे उंची २.२० निघाली आणि पुढे १.८५. सोसायटीतले लोक विचारत होते लग्नाचा मांडव आहे का. चादर आजच कुरिअरने टाकली, निळ्या फुलांची आहे. त्यावर खडू नीट दिसेना म्हणून बायकोने तिच्या शिवणकामाच्या पांढऱ्या दोऱ्याने टाके घातलेत, नक्षी समजू नये म्हणून सांगतो, ते टाकेच माप आहे. एकच पडदा, रिपस्टॉप, दोन्हीकडे लागेल असा, आणि पुढे शेडनेट. तिरका दांडा इथेच करून घेतो.

सावंतवाडीकर:

दोन्हीकडे लागेल असा म्हणजे उलटा-सुलटा दोन्ही बाजूंनी आयलेट आणि चिमट्यांना जागा ठेवायला सांगा. आमचा पहिला पडदा फक्त डाव्या हाताला लागायचा.

ताडपत्रीवाला_कोल्हापूर:

चादर मिळाली. टाके बघून आमच्या आईनं विचारलं कुणाच्या हातचे, सरळ आलेत म्हणाली, वैनींना सांगा.

झालर वीतभर जास्त धरतो, चारी कोपऱ्याला चार पदर, पितळी आयलेट, दोन्हीकडनं लागंल. उद्या कापाय घेतो. फक्त खिडकीचं कळवा, कुठल्या उंचीला ठेवू? बाबांची खुर्ची घडीची आहे की प्लास्टिकची, आणि बसल्यावर डोळे जमिनीपासनं किती वर येतात ते टेपनं मोजा.

टपोरी_ट्रॅव्हलर:

घडीची. आत्ता बसवून मोजलं, १ मीटर १२ सेंटीमीटर. पण ते म्हणतायत समुद्र बघताना मी मान खाली करून बसतो, चार बोटं खाली धर म्हणून सांग.